डोणीच्या पाण्याची परवानगी

आक्का,

तारखांपासून सुरुवात करतो. "तुझं पत्र म्हंजी समन्स," असे तू नेहमी म्हणायचीस, तेव्हा हे समन्सच समज. दिनांक, वार, आवक-जावक क्रमांक हे सगळे माझ्या वहीत आहे आणि ज्याला तपासायचे असेल त्याच्यासाठी ती वही उघडी आहे. पण येथे मी तुझ्या पद्धतीने लिहितो, कारण तू भिंतीवरचे कॅलेंडर रेशनच्या दिवसाखेरीज कधी पाहिले नाहीस.

हंगामसणाच्या, म्हणजे देवाला नवे पीक वाहण्याच्या सणाच्या, आदल्या शनिवारी आपल्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळापुढे तुझ्या नावाचा अर्ज गेला. त्याच महिन्याच्या बैठकीत ठराव झाला की, प्रभुमंदिराच्या आवारातील विहिरीशेजारच्या दगडी डोणीत पाणी भरून मेंढपाळांच्या कळपांना पाजण्याची परवानगी तुला देण्यात येत आहे. दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या मंगळवारी, ती परवानगी रद्द झाल्याचे पत्र आले. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून जो दिवस आपण पाळतो त्या गुरुवारी, विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसली आणि जाळीला कुलूप लागले. कुलपाने एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिला. या वैशाखात, परतीचा पहिला कळप गावात येण्याच्या तीन दिवस आधी, तू गेलीस.

जबाबदार इसम चार. पहिले, पंचमंडळाचे खजिनदार, ज्यांनी जाळी सुचवली. दुसरे, अध्यक्ष, ज्यांनी रद्द करण्याच्या पत्रावर सही केली. तिसरे, पाळकसाहेब, जे दर रविवारी उपासना चालवायला दौंडहून येतात, त्या कुलपावरून चालत वेदीपर्यंत जातात आणि ज्यांनी त्याविषयी वर्षभरात एक शब्द उच्चारला नाही. चौथा मी. त्याचा खुलासा पुढे येईल. तो मी टाळणार नाही.

हा मजकूर मी मंडळीच्या मासिकाकडे पाठवत आहे. त्यांच्याकडे शोकलेखासाठी एक चौकट राखून ठेवलेली असते. जन्म, बाप्तिस्मा, विवाह, प्रभूमध्ये निजल्याचा दिवस. ती चौकट दुसऱ्या कुणीतरी भरावी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर खजिनदार म्हणतील की म्हातारा शोकात वेडावाकडा आरोप करतो आहे. डॉक्टरांनी तुझ्या मृत्यूचे जे कारण लिहिले ते मला मान्य आहे. तुझे वय झाले होते, छाती कमजोर होती. कुलपाने तुला मारले असे मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय मी कधी काही म्हटलेले नाही. कुलपाने तुझे काम मारायचा प्रयत्न केला, एवढाच माझा आरोप आहे, आणि तो मी सिद्ध करू शकतो.

तुझे काम काय होते हे नव्या लोकांना माहीत नाही. दाजी मिशनच्या आवारात पाणक्या होते. साहेबलोक गेले, बंगला पडला, पण रहाट राहिला आणि दाजी राहिले. तुझ्या सासूने घालून दिलेला नियम त्यांनी पाळला: पहाटेचे पहिले पाणी डोणीत, दुसरे घरात, मग प्रार्थना. दाजींनंतर रहाटाचा दोर तू धरलास. दिवाळीनंतर घाट उतरून जाणारे आणि वैशाखात परतणारे कळप आपल्या दाराशी थांबत. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, आणि मागे धुळाआबा धनगराची ती बायको, जी तुला आयुष्यभर "पाद्रीनबाय" म्हणत आली.

"अगं, मी कसली पाद्रीन! मी पानक्याची बायको," तू तिला दर वर्षी सांगायचीस.

"त्येच की," ती म्हणायची, "पानी दील ती पाद्रीन."

दर वर्षी हाच संवाद, आणि दर वर्षी तुम्ही दोघी तो प्रथमच झाल्यासारख्या हसायच्या.

माझ्यासाठी तू चौथीत शाळा सोडलीस हे मी कुठल्याही पत्रात लिहिलेले नाही. बोर्डिंगात दोघांपैकी एकालाच पाठवता येत होते, तू म्हणालीस, "ह्यो जाऊ दे, ह्याला रडायला येतं शेतात." त्या विनोदावर मी शिकलो, कोर्टात लागलो, आणि चौतीस वर्षे इतरांच्या निकालपत्रांच्या नकला काढल्या. ती माझी नोकरी. त्या नोकरीचा मला गर्व झाला आणि त्या गर्वातूनच पुढचे घडले.

आपला वाद तुला आठवतो. निवृत्तीनंतर मी रविवारशाळेच्या मुलांची परीक्षा घेत असे. एकदा मुले गेल्यावर मी गमतीने तोच पहिला प्रश्न तुला विचारला: "सांग आक्का, देवाने तुला कशासाठी निर्माण केले?" तू रहाटाशी होतीस. म्हणालीस, "आदी डोन भरू दे. मंग सांगते." डोण भरली, मग कळप आला, मग शेजारणीचे पोर पडले म्हणून तू तिकडे धावलीस. उत्तर राहून गेले. मग मी दर नाताळला विचारत राहिलो आणि तू दर नाताळला तेच म्हणत राहिलीस. माझे मत होते की तू प्रश्न चुकवतेस. ख्रिस्ती माणसाच्या जगण्याला हेतू असला पाहिजे, तो त्याला शब्दांत सांगता आला पाहिजे, असे मी तुला ऐकवले आहे. मी तो शब्दांत सांगू शकत होतो. फार उत्तम सांगू शकत होतो.

तुझी उपासनेला उशिरा येण्याची सवय पाळकसाहेबांना खुपत असे. कळप रविवारी आला तर तू पहिल्या गीताला नसायचीस. एकदा दारातच त्यांनी तुला अडवले, मी शेजारी उभा होतो.

"रूथबाई, निदान रविवारी तरी वेळेवर यावं माणसानं."

"मेंढराला आयतवार कळत न्हाई, पाद्रीसाहेब."

"पण तुम्हाला तर कळतो ना?"

"मला कळतो म्हनून तर आले की. हात तेवढे वले हायेत."

आणि तू ओले हात पदराला पुसून आत गेलीस. शब्बाथ दिवशी, विश्रांतीच्या दिवशी, तुम्ही आपला बैल सोडून पाण्यावर नेत नाही काय, असा जो सवाल प्रभूने सभास्थानात केला होता, तो मला त्या क्षणी आठवला. मी बोललो नाही. ज्याला शास्त्र आठवते आणि जो गप्प बसतो, त्याला काय म्हणावे हे शास्त्रातच आहे.

मग नवे खजिनदार आले. कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत, शिस्तीचा माणूस. आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवले, ते चांगलेच झाले. फाटकावर पाटी लावली: विनापरवाना प्रवेश निषिद्ध. कारखान्याच्याच पेंटरकडून रंगवून आणली होती, खाली कवटी तेवढी काढायची राहिली. तू ती अक्षरे जुळवत वाचलीस आणि म्हणालीस, "मेंढरांना वाचता येत न्हाई, न्हाईतर थांबली असती बापडी." खजिनदारांनी ऐकले. त्यांना ते आवडले नाही. त्यांचे म्हणणे असे की ब्लॉकवर लेंड्या पडतात, लोक इस्त्रीचे कपडे घालून उपासनेला येतात, आणि दोन-चार कळपांसाठी सगळ्या मंडळीने नाक का दाबावे. हे म्हणणे मूर्खपणाचे नव्हते. झाडू मारून सुटेल एवढेच ते होते, आणि झाडू तू रोज मारत होतीस.

मला धोका दिसला. येथून माझा गुन्हा सुरू होतो.

मी त्या वेळी पंचमंडळाचा सचिव होतो. मी घरी बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि तुझ्या ओट्यावर आलो. तू बाजरी निवडत होतीस.

"सही कर."

"कशावर?"

"अर्जावर. पंचमंडळ तुला डोण भरायची परवानगी देईल. एकदा कागद झाला की कुणी बोट लावू शकणार नाही."

"आजवर मागितली हुती का कुनी परवानगी? माझ्या सासूनं? तुझ्या दाजीनं?"

"तेव्हाची गोष्ट निराळी. आता नवे लोक आलेत."

"मंग त्येन्ला मागू दे परवानगी, डोन बंद करायची. मी कशापायी मागू?"

आक्का, चौतीस वर्षांत मी शेकड्यांनी युक्तिवाद उतरवून काढले. याहून अचूक वाक्य कुठल्याही वकिलाच्या तोंडचे मी लिहिलेले नाही. आणि मी ते हसण्यावारी नेले. "तू अडाणी आहेस," असे म्हणालो. होय, हाच शब्द वापरला. तू सुपातला एक खडा उचलून फेकलास आणि म्हणालीस, "मी न्हाई करनार. तुझी हौस आसंल तर तूच कर सही." मी केली.

ठराव मंजूर झाला. मी तो टंकलिखित केला, शिक्का मारला, शिरूरला जाऊन फ्रेम करून आणला आणि तुझ्या हातात दिला. तू उलटसुलट करून पाहिलास. "लई झकास," म्हणालीस. "काच बी हाय."

आता वाचकांसाठी कायदा सांगतो, थोडक्यात. जी गोष्ट माणसे पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे, विनाअडथळा आणि स्वतःचा हक्क समजून करत आली, ती वहिवाट. वहिवाट मोडायची तर मोडणाऱ्याला कारण द्यावे लागते. पण तीच गोष्ट कुणाच्या परवानगीने केली, तर तिचा हक्क कधीच होत नाही; जो देतो तो केव्हाही काढून घेतो. हा भेद ज्यांत आहे असे निकाल मी स्वतःच्या हाताने, कार्बन घालून, तीन-तीन प्रतींत उतरवले होते. आणि तुझ्या सासूपासून चालत आलेली वहिवाट मी एका सुबक अर्जाने परवानगी करून टाकली. खजिनदारांना काही शोधावे लागले नाही. रद्द करण्याचे पत्र दोन ओळींचे होते, आणि त्यांच्या वर "संदर्भ" म्हणून माझा अर्ज होता.

ते पत्र मी तुला वाचून दाखवले. संदर्भाची ओळ मी गाळली. मी, ज्याने आयुष्यात एकाही नकलेतला स्वल्पविराम गाळला नाही, त्याने ती ओळ गाळली. तू ऐकलेस, "बरं" म्हणालीस, आणि विचारलेस, "धुळाआबाचा कळप कवा येतोय?"

मग तू ते केलेस ज्याचे उत्तर पंचमंडळाकडे नव्हते. फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेने, सिमेंटची चार घमेली मांडलीस. गावच्या नळाला एक दिवसाआड पाणी. सहा हंडे मिळत. दोन घरात, चार घमेल्यांत. माणसे मोटारसायकली थांबवून बघत. एक जण म्हणाला, "मावशे, ह्या वयात कशाला? मेंढरं पुढं नदीला पितील की." तू म्हणालीस, "नदीला पितील. पर हितं थांबून बघत्यात ना माझ्याकडं, तवा काय करू? तोंड फिरवू?"

मी तुला रागावलो. "आक्का, हे थांबव. मी कायदेशीर मार्गाने लढतो आहे."

"लढ की. पर आदी त्यो येक हंडा धर."

त्या वर्षात मी पंचमंडळाला चौदा पत्रे लिहिली. हंडा एकदाही धरला नाही.

दफनविधीला सगळे आले. तुला मी खोटे सांगणार नाही, ते रडलेही. खजिनदारांनी शोकप्रस्ताव वाचला: "विश्वासू सेविका रूथबाई यांच्या निधनाने मंडळीची अपरिमित हानी झाली आहे." पाळकसाहेबांनी त्याच शब्दावर प्रवचन केले. विश्वासूपणे धाव संपवणे, विश्वास राखणे, दिलेले काम शेवटपर्यंत करणे. सुंदर बोलले. मी पहिल्या बाकावर बसून एकच गोष्ट पाहत होतो: उघड्या खिडकीतून विहिरीवरची जाळी आणि जाळीवरचे कुलूप सरळ रेषेत दिसत होते. विश्वासू कशाशी, साहेब? ज्या कामाशी ती विश्वासू होती त्याला कुलूप घालून, किल्ली खिशात ठेवून, तुम्ही तिच्या विश्वासूपणाची स्तुती केलीत. जिवंत होती तेव्हा उशिरा येणारी बाई, गेल्यावर आदर्श. मेलेल्या माणसाचा आदर्श करणे सोपे असते, कारण तो रविवारी ओले हात घेऊन आत येत नाही.

तिसऱ्या दिवशीची प्रार्थना तुझ्या ओट्यावर होती. माणसांच्या येण्याजाण्याने आवाराचे फाटक उघडे राहिले होते, आणि त्याच वेळी धुळाआबाचा कळप रस्त्यावर आला. आबांना बातमी नव्हती. मेंढ्यांना तर नव्हतीच. पुढच्या चार-पाच जुन्या मेंढ्या वळल्या, पाटीखालून आत शिरल्या, ब्लॉकवरून सरळ डोणीशी गेल्या आणि माना खाली घातल्या. मागून सगळा कळप. कोरड्या डोणीत नाके घासली जाण्याचा आवाज तू कधी ऐकला नसशील. तुझ्या हयातीत त्या डोणीपुढे तो कधी झाला नव्हता. वर्षभर तू त्यांना फाटकाबाहेर अडवून पाजलेस.

खजिनदार उठले. "अरे हाकला त्यांना! आबा, पाटी दिसत नाही का?"

धुळाआबांनी काठी खांद्यावरच्या घोंगडीला टेकवली. त्यांना तुझा हार घातलेला फोटो दिसला होता. "आमी पानी मागाया न्हाई आलो, सायेब," ते म्हणाले. "बाईला भेटाया आलो हुतो. आता मेंढरांना कोन सांगनार, तुमी का मी?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना पुढे चालू केली. धुळाआबांच्या बायकोने ओट्याच्या पायरीला हात लावून तो कपाळी लावला, आणि कळप तहानलेला निघून गेला. आक्का, त्या दिवशी मला तुझ्यापुढे उभे राहण्याची जितकी लाज वाटली तितकी तू जिवंत असताना कधी वाटली नव्हती.

सगळे गेल्यावर मी घोटभर पाण्यासाठी तुझ्या रांजणाशी गेलो. रांजणावर झाकण होते. चौकोनी, काचेचे. माझी फ्रेम. ठराव, शिक्का, सुवाच्य अक्षरे, सगळे आतल्या वाफेने पुसट झालेले. तू माझ्या परवानगीने रांजण झाकत होतीस.

प्रथम हसू आले. मग घरी जाऊन मी त्या अर्जाची स्थळप्रत, माझ्या दप्तरात ठेवलेली नक्कल, काढली आणि पुन्हा वाचली. खाली तुझे नाव आहे. नावासमोर सही माझी आहे, आणि सहीआधी माझ्याच अक्षरात एक शब्द: करिता. तू मला अधिकारपत्र दिले नव्हतेस. "मी न्हाई करनार," असे स्पष्ट नाकारले होतेस. "तुझी हौस आसंल तर," म्हणालीस. हौस हे मुखत्यारपत्र नव्हे. म्हणजे, पंचमंडळाच्या माननीय सभासदांनो, रूथबाईने तुमच्याकडे परवानगी कधी मागितलीच नाही. मागितली ती मी, तिच्या इच्छेविरुद्ध, तिच्या नावाने. तुम्ही दिली ती मला. रद्द केलीत ती माझी. ती खुशाल रद्द राहो. तिची वहिवाट जशी होती तशीच आहे; तिने ती एक दिवस खंडित केली नाही, अगदी तुमच्या भिंतीबाहेर घमेली मांडूनसुद्धा. सचिव असताना मी हा गैरप्रकार केला, याची लेखी कबुली येथे देत आहे. शिस्तभंगाची जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी.

मेंढपाळांचा हा हक्क न्यायालयात किती टिकेल हे मला कुणी शिकवू नये. मला ते ठाऊक आहे. मी न्यायालयापुढे नाही, मंडळीपुढे उभा आहे.

आज तुला जाऊन आठ दिवस झाले. कुलूप मी तोडलेले नाही. आवाराच्या मालमत्तेला मी हात लावणार नाही. पण जाळीच्या चौकोनातून तेलाचा लहान पत्र्याचा डबा दोराने आत जातो. तिसऱ्या दिवसानंतर मी रोज पहाटे डोण भरतो आहे. डबा लहान, हात म्हातारे. तुला पाऊण तासाचे काम होते, मला उजाडून ऊन येईपर्यंत पुरते. काल रविवार होता. पहिले गीत झाले, दुसरे झाले, मी डोणीशीच होतो. मग आत गेलो. हात तेवढे ओले होते.

तू उत्तर द्यायचे राहिलीस असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आधी डोण, मग सांगते. काल निम्मी डोण भरल्यावर मला कळले की तू दर वेळी सांगतच होतीस, आणि नकलनवीस असूनही मी ते उतरवून घेतले नाही.

आता मागणी. पंचमंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि पाळकसाहेब यांनी हा मजकूर छापून आल्यावरच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर, बंद खोलीत नव्हे, डोणीशेजारी, सगळ्या मंडळीसमोर आणि धुळाआबा असतील तर त्यांच्यासमोर, उत्तर द्यावे. मला पत्र पाठवू नये. पत्रांचा मला कंटाळा आला आहे. हा अर्ज नाही. परवानगी मी मागत नाही, पुन्हा कधी मागणार नाही. त्यानंतरच्या सोमवारी पहाटेही मी डोण भरणार आहे, ही केवळ खबर आहे. प्रश्न माझा नाही, माझ्या बहिणीचा आहे. तिने तो बाजरी निवडताना मला विचारला होता आणि मी तिला अडाणी म्हणालो होतो. तो तुम्हाला तिचाच 'कशापायी' घेऊन विचारतो, मोठ्याने उत्तर द्या:

तहानलेल्याला पाणी द्यायला परवानगी कशापायी?